लीशुएच्या वाट्याचे को काका

तैवानच्या दक्षिणेला मासेमारीचं एक गाव, तिथल्या आरोग्य केंद्रात त्सेंग लीशुए एकोणीस वर्षं नर्स होती. बाई अबोल. एका वर्षी जुन्या तपासण्यांच्या नोंदी चाळून, रक्तातली साखर वाढलेली पण उपचाराला न येणारी माणसं शोधायचं काम तिच्यावर आलं. एकतीस नावं निघाली. डॉक्टर लिआओंनी ती तिघी नर्समध्ये वाटली, पण एक नाव कुणीच घेईना: को थियेनफा, वय अडुसष्ट, सात वर्षांपूर्वी एकदा तपासणीला रक्त देऊन गेलेले.

“ते मागच्या दाराने पळतात,” एक नर्स म्हणाली. “मला तर पळता पळता टाटा केला.”

“माझ्याकडे द्या,” लीशुए म्हणाली.

मंगळवारी दुपारी गावातले म्हातारे गायला जमत, त्या देवळाच्या अंगणात ती पोचली. को काका माईक धरून कराओके गात होते, आणि तिथे मागचं दार नव्हतं.

“रक्त देतो ताई,” ते म्हणाले, “पण आधी माझ्याबरोबर एक गाणं. बायको गात नाही, म्हणते कान दुखतात.”

लीशुए न्हाणीघरातसुद्धा कधी गायली नव्हती. पहिल्याच ओळीला सूर भलतीकडे गेला, जमलेले म्हातारे खदखदले आणि तिलाही हसू फुटलं. हसता हसता एकाची तीन गाणी झाली. डोकं हलकं झालेलं, गाल तापलेले, तशीच तिने त्यांच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला तीनशे अठरा.

“दुसरं बोट घ्या. हे आत्ताच पपई घातलेलं गोड दूध पिऊन आलंय.”

दुसऱ्या बोटाचा आला तीनशे एकवीस. को काकांनी माईक खाली ठेवला.

“पायांना मुंग्या येतात,” ते हळूच म्हणाले. “घरी बोललो नाही.”

“आता मला बोललात ना. तुमची जबाबदारी माझी. उद्या नऊला या, मी दारात उभी असेन.”

ते पावणेनऊलाच आले, बायकोला घेऊन. औषध सुरू झालं, पपईच्या दुधाऐवजी बिनसाखरेचा चहा आला. तीन महिन्यांनी आकडा दीडशेच्या आत उतरला. लीशुए दर मंगळवारी सुईची पेटी घेऊन अंगणात गायला जाऊ लागली. मग बाकीच्या दोघी नर्सचे पेशंट डॉक्टरांकडे गेले: आम्हाला पण गाणारी नर्स द्या.

“नर्स बदलून मिळणार नाही,” डॉक्टर लिआओंनी त्यांना सांगितलं, आणि त्या दोघींकडे वळून म्हणाले, “तुम्ही गाणं शिका.”