रोटांच्या दिवसांतली पुडी

तर कुठं होतो आपण? पितांबरनानांनी साक्रीच्या बाजारातून झुंबरबाईंच्या गुडघ्यांसाठी पहिली पुडी आणली, तिथं. विकणारा जडीबुटी म्हणायचा. पुडीवर ना नाव ना चिठ्ठी. पण गुण काय सांगावा! भिंत धरून उठणारी बायको आठ दिवसांत पाण्याचा हंडा उचलू लागली. मग काय, दोन वर्षं नाना दर बाजाराला सात पुड्या आणत राहिले. झुंबरबाईंचा चेहरा भाकरीसारखा गोल झाला, मानेमागं मांस चढलं. धाकटी जाऊ रुख्माबाई चिडवायची, "अक्का, नानांनी सगळी कणगी तुझ्यातच रिती केली का गं?" नाना खूश. आपल्या हातानं बायकोनं अंग धरलं, हे ते पारावर दोनदोनदा सांगत. तिच्या हातापायांच्या मात्र काड्या होत होत्या, जरा कुठं आपटलं की कातडी काळीनिळी पडायची. ते नानांना दिसलं नाही.

श्रावणात घरी कानबाई देवी बसली. तिच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, भाऊबंदांत वाटून सरेपर्यंत बाहेरचं काही पोटात जाऊ द्यायचं नाही, हा नानांच्या भाऊबंदांचा नियम, आणि नाना घरातले थोरले. पुडी बाजारातली, म्हणजे बाहेरचीच. त्यांनी ती उचलून फडताळात ठेवली. चार दिवसांचा तर प्रश्न होता.

चौथ्या दिवशी झुंबरबाई चुलीपाशी कोसळल्या. अंग गार, डोळे फिरलेले. बायका म्हणाल्या, देवी अंगात आली. हळदकुंकू लावलं, ओटी भरली, आई काय मागतेस म्हणून विचारत बसल्या. नानाही हात जोडून उभे. तासभर त्यात गेला. शेवटी पुतण्या धनसिंगनं कुणाचं न ऐकता काकूला गाडीत घातलं आणि धुळं गाठलं. फडताळातल्या पुड्याही त्यानं खिशात टाकल्या होत्या.

पुड्या बघून तिथल्या डॉक्टर पुनमबाईंनी नानांना समोर बसवलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्या म्हणाल्या. रक्तातल्या कोलेस्टेरॉलपासून त्या एक रस बनवतात. तो पेशीत थेट आत शिरतो, गाभ्यापर्यंत जातो आणि तिथून कामं चालू-बंद करतो. रक्तदाब, साखर, सूज, आजाराशी झुंज, सगळ्यांत त्याचा हात. किती बनवायचा, तो हुकूम मेंदूकडून सुटतो. पुडीत त्याच जातीचं कारखान्यातलं औषध होतं, भरमसाट. म्हणून सूज उतरली, दुखणं दबलं. पण मेंदूला वाटलं, माल भरपूर आहे. हुकूम थांबला, ग्रंथी वाळल्या.

"बाबा, तुम्ही पुडी एकदम बंद केलीत, तेव्हा त्यांच्याकडे आतलाही रस नव्हता आणि बाहेरचाही नव्हता. असं औषध हळूहळू उतरवायचं असतं."

आणली तेव्हाही चुकलो, थांबवली तेव्हाही चुकलो, एवढंच नानांना कळलं.

झुंबरबाई वाचल्या. पण हाडं आतून ठिसूळ झालेली, आता तोलून दिलेल्या गोळ्या घ्यायच्या, ग्रंथी जाग्या होतील तेव्हा होतील. सातव्या दिवशी त्या उशीला टेकून बसल्या. नानांनी त्यांचा तो काडीसारखा हात पहिल्यांदा नीट पाहिला. कसंबसं विचारलं, जीव एवढा खचत चालला होता, तर मला एका शब्दानं सांगायचं नाही का?

झुंबरबाई काही रागावल्या नाहीत. खिडकीकडं बघत म्हणाल्या, "सांगं व्हतं मी. तुम्ही भाऊबंदसले रोट वाढी ऱ्हायंतात."