कॅलिरोईच्या पोटातला भाऊ

माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कॅलिरोईने आयुष्यभर ग्रीसमधल्या व्होलोस शहराच्या सिटी बसमध्ये तिकिटं तपासली. निवृत्त झाली तरी माणसाकडे बघायची तिची नजर तीच राहिली. रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं, तेव्हाही तिने आधी डॉक्टरांनाच संशयाने न्याहाळलं.

उपचारासाठी दुसऱ्या कुणाच्या तरी मूळपेशी लागणार होत्या. जुळल्या त्या धाकट्या भावाच्या, स्टेर्योसच्या. डोंगरातल्या सामाईक जागेतलं अक्रोडाचं झाड त्याने न विचारता तोडलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. तरी तो लगेच तयार झाला.

"इतक्या पटकन हो म्हणाला," ती मला म्हणाली, "काहीतरी हवं असणार त्याला."

त्याच्या पेशी तिला चढवल्या, त्या रुजल्या, आणि ती घरी आली. स्टेर्योस रोज कोंबडीचं सूप आणायचा. ती ते हुंगून बघायची आणि आधी मला चाखायला लावायची.

काही आठवड्यांनी तिला जुलाब सुरू झाले. पुन्हा दवाखान्यात डांबतील म्हणून तिने ते लपवले. मलाही फक्त एवढंच म्हणाली, "सुपात काहीतरी घालतोय तो." पण पातेलं भरलेलंच परत येऊ लागलं, शिवाय ती भिंतीला धरून चालते हे स्टेर्योसने पाहिलं आणि थेट डॉक्टरांना फोन केला.

"चुगलखोर मेला!" गाडीत माझ्या शेजारी बसतानाही ती ओरडत होती.

डॉक्टर अँथी तरुण होती, पण स्पष्ट बोलणारी. "दोन-तीन शक्यता आहेत. जंतू असतील, एखादं औषध बाधत असेल, नाहीतर भावाच्या पेशी तुमच्या आतड्याला परकं समजून त्यावर तुटून पडल्या असतील. दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला तर नक्की कळेल. पण तुमचं रक्त सध्या नीट गोठत नाही. म्हणून आधी शौच तपासू."

"त्यात काय दिसणार?"

"आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशींतलं एक प्रथिन शौचात उतरतं. आणि आतड्याची भिंत गळायला लागली की रक्तातलं दुसरं एक उतरतं. दोन्ही मोजू."

कॅलिरोईला शेजारच्या खाटेवरच्या बाईचाच संशय. "डब्यांची अदलाबदल केली तर?" तिने डबीवर स्वतःच्या हाताने नाव लिहिलं आणि पहिला आकडा आल्यावर तपासणी पुन्हा करायला लावली.

दोन्ही वेळा दोन्ही प्रथिनं खूपच वाढलेली निघाली. जंतू सापडले नाहीत, आणि बाधेल अशा औषधांचीही शहानिशा झाली होती. "एवढ्यावरून भावाच्याच पेशी असं शंभर टक्के म्हणणार नाही," अँथी म्हणाली, "पण थांबण्यात धोका जास्त आहे. त्या पेशींना आवरायला स्टिरॉइड सुरू करते. रक्त सुधारलं की दुर्बिणीने बघू."

"म्हणजे हाच!" कॅलिरोईने दाराकडे बोट दाखवलं. "मी म्हणत नव्हते?"

दारात स्टेर्योस उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, मी तुला वाचवायला दिलं गं ते."

"तुझ्या पेशी तुझ्यावरच गेल्यात. न विचारता तोडफोड!"

"झाड आतून पोखरलेलं होतं. खाली शेजाऱ्यांचं छप्पर होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आलो होतो. तू दार उघडलंस का?"

तिला ते पटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

अँथी तिच्या खाटेवर टेकली. "याच पेशी उरलेल्या कर्करोगालाही मारतात. त्यांना आवरायचंय, हाकलायचं नाही."

नंतर दुर्बिणीतही भावाच्या पेशींचंच काम निघालं. औषधाने जुलाब हळूहळू थांबले आणि आकडे उतरले. स्टिरॉइडने तिचा चेहरा मात्र भोपळ्यासारखा सुजला. आरशात बघून ती म्हणाली, "आता तर दिसतेही त्याच्यासारखी."

अजून ती डबी घेऊन तपासणीला जाते. गाडी स्टेर्योस चालवतो. ती मागच्या सीटवर बसते आणि वळण आलं की ओरडते, "हळू! इकडून कुठे नेतोस मला?"