भुईआवळीचं नाव घेतलं की गुण जातो म्हणे!

चिखलीच्या बाजाराला येणाऱ्या मायबापहो, कोणाच्या घरात काविळीनं माणूस पिवळं पडलेलं नाही? आणि औषध विचारलं तर "नाव सांगितलं की गुण जातो" हे उत्तर कोणी ऐकलेलं नाही?... या पावसाळ्यापर्यंत मीही ते ऐकून गप्प बसत होतो. आता नाही.

पोळ्याच्या सुमारास माझी भावजय सरू काविळीनं अंथरुणाला खिळली. डोळे हळदीसारखे, अन्नाचा वासही नको. नागपूरहून बदलून आलेले सरकारी डॉक्टर म्हणाले, यकृताला सूज आहे, विश्रांती द्या, तेलतूप बंद करा... याहून जास्त आमच्यापाशी काही नाही. निदान खरं बोलले.

मग सगळ्यांसारखा मीही गफूरचाचांकडे गेलो. चाचा रंगारी, पण काविळीचा पाला वाटून फुकट देतात. पाला एकट्यानं आणायचा आणि वाटलेला गोळाच हाती द्यायचा, ही त्यांच्या वारलेल्या उस्तादांची अट. आणि नेमके चाचा पाय मोडून खाटेवर!

"मी आणतो, नाव सांगा," मी म्हणालो.

"नाव फुटलं का गुण गेला, दादा. मले कसम हाय."

"अन् पोरगी गेली तर?"

आतून चाची कडाडल्या, "काऊन हो, गुण काय तुमच्या मोडक्या पायात बसला हाय? त्या पोरीचे डोळे पाह्यले का? सांगा, नाही तं मीच सांगून देईन!"

"गुण गेल्याचं पाप माझ्या डोक्यावर, चाचा. बोला."

"...भुईआवळी," चाचा पुटपुटले. "पानाखाली बारीक आवळ्यांची रांग असते, तेच."

अहो, हे तण तर आमच्याच कपाशीतलं... सरूनंच निंदून बांधावर फेकलेलं! दर पावसाळ्यात आपण सगळेच फेकतो.

विहिरीच्या कडेला ओलीत थोडी रोपं जिवंत सापडली. चाचांनी खाटेवरूनच पारखली, चाचींनी वाटली, सरूनं ताकातून घेतली. हळूहळू डोळे निवळले. एका सकाळी तिनं आपण होऊन भाकर मागितली, वर ठेचा! ठेचा कोणी दिला नाही म्हणून रुसली... त्या रुसण्यानं घर पुन्हा घर झालं.

नाव फुटलं होतं. गुण गेला नव्हता.

कोणी म्हणेल, ती नुसत्या विश्रांतीनंही उठली असती. असेलही! पण ते कळणार कसं? झाकलेल्या औषधाची परीक्षा ना डॉक्टर करू शकतात, ना आपण. आणि ज्या पडद्याआड चाचांसारखा भला माणूस बसतो, त्याच पडद्याआड भोंदू रोग्याच्या मनगटाला तापल्या सळईचा डाग देतो, कावीळ उतरवायची म्हणून त्याच्या गळ्यात माळ घालतो. शिकलेल्यांनी खुशाल हसावं, उस्तादांनी वरून खुशाल रागवावं... मी हे नाव चौकात ओरडून सांगणार.

चाचा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पण काल त्यांचा निरोप आला, "सांगतच हाय तं रोप मुळासकट दाखवजा. नुसत्या पाल्यानं लोक भलतंच उपटतील."

तेव्हा मायबापहो, येत्या बाजाराला येताना बांधावरचं भुईआवळीचं एक रोप मुळासकट आणा. शेजाऱ्याच्या हातात द्या आणि तिचं नाव मोठ्यानं घ्या.