तिसरा प्रश्न : नवऱ्याचं नाव

मी मानसशास्त्र शिकले याचा माहेरी सगळ्यांना अभिमान होता, पण मी नेमकं काय करते हे शेजारणींना सांगताना आईची पंचाईत व्हायची. माझ्याबरोबर शिकलेला एक जण शाळेतल्या मुलांची बुद्धी तपासायचा. दुसरा मुंबईच्या गिरणीत कुणाला कुठलं काम जमेल ते ठरवायचा. तिसरा प्रयोगशाळेत बसून, टाचणी टोचल्यावर माणूस किती पटकन हात मागे घेतो ते मोजायचा. त्यांना लोक मास्तर, साहेब, प्रोफेसर म्हणत. मी पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात लागले आणि झाले 'वेड्यांची बाई'. कुणी त्यावरून हसलं की मी म्हणायची, "येताय का? जागा आहे."

मुळशीचं धरण भरल्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या गोऱ्या डॉक्टरसाहेबांबरोबर मी कोळवणला गेले. एका सुनेला वेड लागलंय, तिला इस्पितळात घाला, असा तिच्या सासऱ्याचा अर्ज होता. साहेबांनी सही केली की तिची रवानगी पुण्याला होणार होती. आत गेलेल्या बाईला परत न्यायला सहसा कुणी येत नसे. हे मला ठाऊक होतं आणि सासऱ्याला नव्हतं, म्हणून मी त्या दिवशी सकाळपासूनच धुमसत होते.

चावडी माणसांनी भरली होती. सासरा हात जोडून म्हणाला, "सायेब, हिचं म्हायेर धरणात गेलं. तवापासनं रोज धरणावरच्या खिंडीत जाऊन बसती आन् पाण्याशी बोलती. एक दिस उडी घालंल. माजी छाती धडधडतीया." म्हातारा दुष्ट नव्हता, घाबरला होता. नवरा खांबाला टेकून उभा होता. तरणा गडी, पण बापापुढे तोंड उघडायची त्याची प्राज्ञा नव्हती.

साहेबांचे प्रश्न ठरलेले. ते इंग्रजीत विचारत आणि कारकून मराठीत सांगे.

"आज वार कोणता?"

"पौडचा बाजार हाय आज," ती म्हणाली. कारकुनानं बाजाराचा वार सांगायचा सोडून साहेबांना सांगितलं, ती बाजाराबद्दल काहीतरी बोलते आहे.

"आपण कुठे आहोत?"

"चावडीत. आन् कुटं?"

"तुझ्या नवऱ्याचं नाव काय?"

तिनं पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. कारकुनानं पुन्हा विचारलं, दरडावून विचारलं. ती जमिनीवर अंगठ्यानं रेघा मारत राहिली. साहेबांनी मान हलवली आणि लिहिलं : स्वतःच्या नवऱ्याचं नाव आठवत नाही.

त्या चावडीतल्या एकूण एक माणसाला ती गप्प का होती ते माहीत होतं. कारकुनालाही. पण साहेबानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्याचा धर्म. माझं मात्र डोकं तडकलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. तिला ते आठवतं म्हणूनच ती गप्प आहे."

साहेब हसले. "अडाणी बायकांचं ठीक आहे. तुम्ही तर एवढ्या शिकलेल्या. तुमच्या नवऱ्याचं नाव काय?"

मी तोंड उघडलं. खरंच सांगते, सांगायच्याच तयारीनं उघडलं. कॉलेजात मोठमोठ्या पंडितांची नावं घडाघडा म्हणणारी मी, पण ते एक साधं, घरातलं नाव काही केल्या ओठांवर येईना. कान तापले, हात आपसूक पदराकडे गेला. कारकुनानं साहेबांचा प्रश्न सवयीनं मराठीत सांगून टाकला होता. मागून एक म्हातारी ओरडली, "अगं बया, बाईबी येडीच की!" आणि सगळी चावडी खदखदून हसली. पदराआडून तीही हसली.

साहेबांनी टाक खाली ठेवला. मी तिच्याजवळ जाऊन बसले. "उखाण्यात घे. उखाण्यात चालतं."

"समद्यांम्होरं?"

"सगळ्यांसमोरच घे. जोरात."

तिनं सासऱ्याकडे पाहिलं, मग खांबाकडे, आणि खणखणीत आवाजात म्हणाली :

"पाण्याखाली म्हायेर, वर न्हाई खूण,
–रावांचं नाव घेते, मी कोळवणची सून."

नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे. सासऱ्यानं डोक्याचं पागोटं काढून तोंडाला लावलं. खांबाजवळचा गडी लालबुंद झाला आणि बापाला न विचारता पुढे येऊन म्हणाला, "चल घरी. उद्या खिंडीत मीबी येतो तुज्यासंगं." मी साहेबांना दोन्ही ओळींचा अर्थ सांगितला. त्यांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला आणि आपण लिहिलेलं स्वतःच्या हातानं खोडलं.

परतताना मोटारीत मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. जिंकले होते मी, आणि आमच्या ह्यांचं नाव न घेता जिंकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्पितळात बायकांच्या विभागात गेले. तिथेही कितीजणींच्या कागदावर तेच वाक्य होतं : नवऱ्याचं नाव आठवत नाही. दाराजवळच्या एका बाईपुढे, जिला आम्ही सगळे मुकी समजत होतो, मी मांडी घालून बसले आणि म्हटलं, "बाई, उखाणा घ्या."

तिनं पदर पुढे ओढला आणि लाजली.