आधी तापू द्या

नवा मदरबोर्ड हातात आला की ताई तो उजेडाकडे धरून उलटसुलट बघायच्या आणि म्हणायच्या, "आधी तापू द्या. मग बोलू."

तुम्हीही असं माणूस पाहिलं असेल, जे कशालाच लगेच चांगलं म्हणत नाही. लातुरात ताईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सकाळीसुद्धा त्यांचा आवाज दिवसभर राबल्यासारखा दमलेला असायचा. मी शेजारच्या कोचिंग क्लासचं ऑफिस बघायचो. तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. पार हदगावहून पोरं येऊन खोल्या घेऊन राहायची.

आमच्या सरांना सराव परीक्षेसाठी तीस मशीन हवी होती. नमुन्याचा एक मदरबोर्ड त्यांनी ताईंकडे दिला. ताईंनी तो भर उन्हाळ्यात, खोलीतला पंखा बंद करून, दुपारभर चालवला.

"वेग चांगला हाय. पण वायर आतल्या पंख्याच्या अंगावरून जाते. अन् प्रोसेसरजवळचे हे कपॅसिटर हलके. वर्षात फुगतील. घेऊ न्हाई."

सर हसले. "दिसायला तर भारी आहे, ताई."

"आमचं घरबी दिसायला लई भारी होतं. दगडी."

सरांनी बोर्ड उचलून खोक्यात ठेवला. भूकंपात ते घर पडलं तेव्हा ताई आयटीआयच्या वसतिगृहात होत्या, आईवडील घरात. हे मला पुढे त्यांच्या बहिणीनं सांगितलं. ताई स्वतः त्याबद्दल एवढंच बोलल्या.

सरांनी तेच बोर्ड दुसऱ्याकडून बसवून घेतले. पुढच्या उन्हाळ्यात, ऐन परीक्षेच्या सकाळी, अकरा मशीन बंद पडली. पोरं दारात ताटकळत उभी. सरांना तोंड दाखवायची लाज वाटली, मीच गेलो. ताईंनी पिशवी उचलली, आल्या, फुगलेले कपॅसिटर काढून नवे जोडत बसल्या. परीक्षा दुपारवर ढकलली. नऊ मशीन सुरू झाली. पोरं पेपरला बसली आणि ताई ऑफिसच्या बाकावर बसल्या बसल्या झोपून गेल्या. सरांनी टेबलफॅन त्यांच्याकडे वळवला.

पुढे ताईंची नजर अधू झाली. दुकान बंद करून त्या उदगीरला बहिणीकडे गेल्या. तरी बोर्ड घ्यायचा झाला की मी तो विकणाऱ्याच्या दुकानातूनच त्यांना फोन लावायचो. "वायर कुठून जाते? बोट फिरवून सांगा," त्या विचारायच्या, आणि मी सांगत राहायचो.

परवा असाच फोन लावला. बहिणीनं उचलला.

"अक्का गेली, दादा. आठ दिवस झाले."

समोरचा दुकानदार विचारत होता, "घेता का मग?"

बोर्ड माझ्या हातात होता. वायर कुठून जाते ते मी बोट फिरवून बघत राहिलो.