सातही भावना चेहऱ्यावर

आम्ही दोघं हाँगकाँगला मुलीकडे राहायला गेलो, तेव्हा तिच्या शेजारीणबाई रोज लिफ्टमध्ये भेटायच्या. कोबी महागला एवढंच सांगायचं असलं, तरी त्यांच्या भुवया कपाळात जायच्या, गाल फुगायचे, ओठ थरथरायचे. मला त्यांच्या भाषेतलं अक्षरही कळत नसे, पण कोबी कळायचा.

मुलगी म्हणाली, "आई, कँटोनीजमध्ये अशा माणसाबद्दल म्हणतात, सातही भावना चेहऱ्यावर चढल्यात."

चढल्यात. म्हणजे भावना खाली कुठेतरी राहत असणार आणि जिना चढून वर येत असणार. जिनाच बंद झाला, तर त्या काय करत असतील?

पार्किन्सनने ह्यांचा चेहरा हळूहळू थिजत गेलाय. डॉक्टर म्हणतात, आत सगळं जागच्या जागी आहे. त्या दिवशी मी ह्यांच्यासमोर बसून शेजारीणबाईंची नक्कल केली. भुवया उडवल्या, गाल फुगवले, कोबीसाठी रडूनही दाखवलं. ह्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. माझेच गाल दुखायला लागले.

"अहो, हसा ना जरा," मी शेवटी म्हटलं.

"अगं," ते सावकाश म्हणाले, "मघापासून हसतोच आहे की."