काडी लावून पारखलेली भिंत

दहा वर्षांपूर्वी, ऐंशीच्या सुमाराला, सातपूरची आमची पत्र्याची खोली उन्हाळ्यात इतकी तापायची, की पापड भिंतीला टेकवला तरी भाजून निघायचा. त्यात घरी महिन्याची लेक. मी कारखान्यातून पॅकिंगचा थर्माकोल आणला आणि तो भिंतींना चिकटवायला दिंडोरीकडचा एक गवंडी बोलावला. नाव विचारायचं राहूनच गेलं. माणूस एवढा उंच, की आमच्या दारातून आत येताना तीन ठिकाणी वाकायचा.

त्याने थर्माकोलचा तुकडा मोडला, हुंगला आणि अंगणात नेऊन काडी लावली. काळा धूर ओकत तो वितळला, जळते थेंब टपटप खाली पडले.

“वहिनी, स्टो कुठं ठेवता?”

हिने भिंतीकडे बोट दाखवलं.

“साहेब, गारव्याला ह्यो लय भारी हाय. पण आग लागली तर भिंतीनं घरच्यांची बाजू घ्यावी. ह्यो आगीची घेईल.”

मग त्याने आतून बांबूच्या पट्ट्या ठोकून माती, शेण आणि भुशाचा चार बोटं जाड लेप दिला. तो वाळल्यावर मी खवचटपणे अख्खी काडेपेटी त्या भिंतीवर संपवली. ती नुसती काळवंडली.

“झालं समाधान?” एवढंच म्हणून त्याने थापी धुतली.

पुढे एकदा स्टोव्हचा असा भडका उडाला, की त्र्यंबकहून दिसला असेल. भिंतीवर राहिला फक्त एक काळा डाग. ही तो सारवू देत नाही. लेक त्याच्याशी आपली उंची मोजते. परवा ती डागाच्या वर गेली.